प्रोपेनवरच्या शाळा-बसला रिकॉल आला आहे, मुलीला पाठवू की नको?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही इंडियानात राहता. मुलगी दुसरीत आहे, पिवळ्या बसने शाळेत जाते. गेल्या आठवड्यात शाळेचा ईमेल आला की जिल्ह्यातल्या प्रोपेन गॅसवर चालणाऱ्या काही बसना इंधन यंत्रणेतल्या दोषासाठी सेफ्टी रिकॉल आहे (म्हणजे दोष सापडला म्हणून निर्मात्याने त्या दुरुस्तीला परत बोलावल्या आहेत), दुरुस्ती टप्प्याटप्प्याने होईल आणि तोवर बस चालू राहतील. यजमानांचं म्हणणं, आपण तिला गाडीने सोडू. साताऱ्याहून सासूबाई म्हणतात, पोरीला सिलिंडरवर बसवून कशाला पाठवता. आणि तुम्हाला कोडं पडलंय ते असं, की दोष आहे हे माहीत असताना ती बस रस्त्यावर आहेच कशी.

मी सोळा वर्षं अमेरिकेत शाळा-बसच्या वर्कशॉपमध्ये काम करतो. त्याआधी महाराष्ट्रात डिझेल बसवर शिकलो. गेल्या नऊ वर्षांत आमच्या ताफ्यातला बराचसा भाग प्रोपेनवर आला आणि त्या काळात तीन वेळा रिकॉलची कामं माझ्या हाताखालून गेली.

आधी उत्तर. ईमेलमध्ये किंवा निर्मात्याच्या मूळ पत्रात ‘गाडी चालवू नका’ किंवा ‘इमारतीपासून दूर, उघड्यावर उभी करा’ असं लिहिलेलं नसेल, आणि काम होईपर्यंत त्या बसची रोज खालून तपासणी होते असं शाळा सांगत असेल, तर मी माझ्या मुलीला बसने पाठवलं असतं. पण त्याच दिवशी परिवहन विभागाला फोनही केला असता आणि एकच गोष्ट विचारली असती: आमच्या मार्गावरच्या या नंबरच्या बसचं रिकॉलचं काम झालं का, आणि कोणत्या तारखेला? प्रोपेन चांगलं की वाईट, कंपनी चांगली की वाईट, हे विचारून हाती काही लागत नाही. रिकॉलमध्ये धोका राहतो तो पत्र निघाल्यापासून त्या विशिष्ट बसला पाना लागेपर्यंतच्या दिवसांत. ते दिवस किती आणि त्यात कोण लक्ष ठेवतंय, यावर सगळं आहे.

सासूबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. हिशेब केला तर घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा. शाळा-बसच्या टाकीत ६७ गॅलन प्रोपेन भरलं तर त्याचं वजन होतं साधारण १२८ किलो, म्हणजे नऊ सिलिंडर. शिवाय भारतातल्या घरगुती गॅसमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं; इथे गाड्यांसाठी जो दर्जा वापरतात त्यात निदान ९० टक्के प्रोपेन असावं लागतं, आणि प्रोपेन जास्त जोरकस. २० अंश सेल्सियसला त्याच्या टाकीत वातावरणाच्या आठपटीहून थोडा अधिक दाब असतो. ते उकळतं उणे ४२ अंशांना. म्हणूनच इंडियानाच्या जानेवारीत, डिझेल बस हीटर लावल्याशिवाय सुरू व्हायला कुरकुर करतात तेव्हा, प्रोपेनची बस पहिल्या फटक्यात सुरू होते. आणि म्हणूनच नळीला चीर पडली तर ते थेंबथेंब टपकत बसत नाही. बाहेर पडताच वाफ होतं आणि द्रवाच्या सुमारे २७० पट जागा व्यापतं.

आता दुसरी बाजू. बसची टाकी म्हणजे सिलिंडर नव्हे. ती जाड पोलादाची, दाबाच्या भांड्यांच्या नियमांनुसार बनवलेली आणि चासीच्या, म्हणजे बसच्या खालच्या सांगाड्याच्या, दोन मोठ्या पट्ट्यांच्या आधाराने बसवलेली असते. ती ८० टक्क्यांहून जास्त भरता येत नाही. वरची जागा उन्हात द्रव फुगला तर त्यासाठी मोकळी सोडलेली असते आणि भरताना तिथे आपोआप अडवणारा व्हॉल्व्ह असतो. दाब फार वाढला तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून वाफ बाहेर सोडतो. नळी तुटून एकदम जोरात गॅस वाहायला लागला तर तो प्रवाह अडवणारा वेगळा व्हॉल्व्ह टाकीच्या तोंडाशीच असतो. चावी बंद केली की सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बंद होतो आणि टाकी बाकीच्या यंत्रणेपासून तुटते. डिझेल बसच्या टाकीला यातलं बरंचसं नसतं. आणखी एक मुद्दा असा की नुसत्या गरम पृष्ठभागावर पेट घ्यायला प्रोपेनला साडेचारशे अंशांच्या वर तापमान लागतं. डिझेल त्याच्या जवळपास निम्म्यावर पेटतं.

त्यामुळे माझ्या हातून गेलेल्या कामांत दोष टाकीत कधी सापडला नाही. सापडला तो टाकीच्या बाहेर: नळी कुठून नेली, कशाला बांधली, कोणता जोड किती आवळला, कोणती वायर कशावर घासते. शाळा-बस रोज शंभर वेळा थांबते, खड्ड्यांतून जाते, चासी पिळवटते. कारखान्यात जी नळी लोखंडापासून बोटभर लांब दिसते ती दोन वर्षांत त्याच लोखंडाला टेकलेली असते.

काही वर्षांपूर्वी आमच्या अकरा बसना असाच रिकॉल आला. टाकीकडून इंजिनकडे द्रव प्रोपेन नेणारी नळी एका क्लॅम्पने अशा ठिकाणी धरली होती की चासी पिळली की ती शेजारच्या ब्रॅकेटच्या बोल्टवर घासायची. आधी आलं ते तात्पुरतं पत्र: दोष आहे, पण दुरुस्तीचं सामान अजून तयार नाही, तयार झालं की दुसरं पत्र पाठवू. म्हणजे तुमची शाळा आज जिथे उभी आहे तिथेच आम्ही होतो. अकराच्या अकरा बस उभ्या केल्या असत्या तर सहाशेहून अधिक मुलांची ने-आण थांबली असती. मी माझ्या साहेबांना सांगितलं की बस चालवायच्या असतील तर रोज पहाटे प्रत्येक बसखाली माणूस जाईल, टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन. त्या एका जागेवर गॅस डिटेक्टर फिरवेल, साबणाचं पाणी मारेल आणि वहीत सही करेल. ज्या बसची सही नाही ती बस सुटणार नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आमच्यातल्या एका पोराने मला हाक मारली. बस लिफ्टवर होती. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा पांढरा थर खालच्या प्रत्येक लोखंडावर चढलेला, आणि त्या सगळ्या मळकट पसाऱ्यात नळीवर अंगठ्याच्या नखाएवढी एक जागा मात्र स्वच्छ, काळीभोर, चकचकीत. घासून घासून सपाट झालेली. मी हातमोजा काढून बोट फिरवलं तर मधोमध रबर संपलं होतं आणि आतल्या जाळीच्या दोन-तीन तारा केसांसारख्या बोटाला टोचत होत्या. डिटेक्टर गप्प होता, साबणाला एक बुडबुडा नव्हता. गळती नव्हतीच. पण पुढच्या आठवड्यात होणार नाही असं कुणी म्हटलं असतं तर मी ते मानलं नसतं. ती बस तिथेच मार्गावरून काढली आणि तिच्या जागी जुनी डिझेल बस लावली.

सामान यायला चार महिने लागले. काम स्वतः फार मोठं नव्हतं. टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करायचा, इंजिन चालू ठेवायचं आणि नळीतला गॅस संपून ते आपोआप बंद पडेपर्यंत थांबायचं. मग जाड हातमोजे घालून जोड सैल करायचा. इतकं करूनही उरलंसुरलं प्रोपेन निसटतंच, आणि निसटताना जोडाभोवती पांढऱ्या दवाची, म्हणजे खरं तर बर्फाची, बांगडी तयार होते. उघड्या बोटांना ते लागलं तर भाजल्यासारखा फोड येतो. नवी नळी, रबराची गादी असलेला नवा क्लॅम्प, बोल्टपासून नवं अंतर, टॉर्क रेंचने ठरल्या मापाला आवळणं, व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक जोडाला डिटेक्टर, एक फेरी मारून परत डिटेक्टर. एका बसला दोन तास. अकरापैकी आठ बसच्या नळीवर ओरखडाही नव्हता, दोन बसवर नुसती चमक होती आणि एक ती, जी मी वर सांगितली. रिकॉलमध्ये नाव असणं आणि बसमध्ये प्रत्यक्ष दोष असणं यांत एवढा फरक पडू शकतो. निर्मात्याने सरकारला दिलेल्या अहवालात असा दोष प्रत्यक्षात किती टक्के गाड्यांत असेल याचा अंदाजही द्यावा लागतो. तो आकडा शाळेकडून मागून घ्या किंवा स्वतः वाचा; हे कागद सगळ्यांसाठी खुले असतात.

याच रिकॉलमध्ये एक गोष्ट आमच्याकडून राहून गेली, आणि तुम्हाला फोन करताना तीच सगळ्यात उपयोगी पडेल. आमच्या यादीत बस अकरा होत्या, पण मार्गावर धावणाऱ्या दहा. अकरावी स्पेअर, आवाराच्या कोपऱ्यात उभी. मार्गावर नाही म्हणून तिची पहाटेची तपासणी नाही, घाई नाही म्हणून तिचं काम शेवटी. एका आठवड्यात दुसऱ्या एका बसचा गिअरबॉक्स गेला, रात्रपाळीच्या माणसाने किल्ली उचलून ड्रायव्हरला दिली, आणि ती बस तीन दिवस मुलं घेऊन फिरली. चौथ्या दिवशी वही बघताना माझ्या लक्षात आलं. नळी चांगली निघाली, कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे काम न झालेल्या बसच्या स्टिअरिंगला लाल फलक बांधलेला असतो आणि तिची किल्ली बोर्डावर नाही, माझ्या कपाटात असते. म्हणून तुमच्या मार्गावरच्या बसचं विचारून झालं की हेही विचारा: आमची बस बिघडली तर बदली म्हणून कोणती येते, आणि तिचं काम झालं आहे का?

आता तुमचं कोडं, की दोष माहीत असूनही बस चालते कशी.

अमेरिकेत रिकॉलचा पाया १९६६ च्या वाहन सुरक्षा कायद्यात आहे आणि अंमलबजावणी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन करतं, ज्याला सगळे ‘नित्सा’ म्हणतात. सुरक्षेला बाधा आणणारा दोष आहे असं निर्मात्याने ठरवलं की पाच कामकाजी दिवसांत त्याने नित्साला कळवायचं आणि त्यानंतर ६० दिवसांच्या आत गाडीच्या मालकाला पत्र पाठवायचं. सामान तयार नसलं तरी पत्र थांबत नाही, म्हणून ते तात्पुरतं पत्र. गाडी १५ वर्षांपर्यंतची असेल तर दुरुस्ती फुकट. नवी, न विकलेली बस काम केल्याशिवाय डीलरला गिऱ्हाइकाच्या ताब्यात देता येत नाही.

एवढं सगळं बंधन निर्मात्यावर आणि डीलरवर. मालकाने गाडी नेऊन काम करून घेतलंच पाहिजे, अशी सक्ती संघराज्याचा कायदा करत नाही. २०१५ मध्ये भाड्याच्या मोटारींसाठी मात्र तसा कायदा झाला: रिकॉल बाकी असलेली मोटार मोठ्या भाडे कंपन्यांना गिऱ्हाइकाला देता येत नाही. त्या कायद्यात शाळा-बस येत नाही. विमानतळावर भाड्याने घेतलेली मोटार काम झाल्याशिवाय मिळणार नाही, आणि साठ मुलांची बस मात्र मालकाच्या विवेकावर. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. राज्यांची वार्षिक तपासणी असते, ड्रायव्हरची रोजची फेरी-पूर्व तपासणी असते, ती कामाचीच आहे. पण रिकॉलच्या यादीतली नेमकी जागा बघायला त्या तपासणीत कुणी सांगितलेलं नसतं.

आणि पत्र कुणाला जातं? गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. शाळा-जिल्ह्याची (इथे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची) स्वतःची बस असेल तर जिल्ह्याला, ठेकेदाराची असेल तर ठेकेदाराला. बस सेकंड-हँड विकली गेली असेल तर पत्र कधी कधी जुन्या मालकाच्या टेबलावर पडून राहतं. पालकांना कळवण्याचं बंधन कुणावरच नाही. तुमच्या शाळेने आपणहून ईमेल पाठवला, याला मी चांगलं लक्षण मानतो. लपवणाऱ्या लोकांकडून असा ईमेल येत नाही.

प्रोपेनच्या बाबतीत आणखी एक पोकळी आहे, जी शाळेच्या मंडळावरच्या लोकांनाही बहुधा माहीत नसते. अपघातात इंधन सांडू नये यासाठी इथे ३०१ क्रमांकाचं मानक आहे आणि ते मोठ्या शाळा-बसनाही लागू आहे. पण त्याच्या पहिल्याच कलमांत लिहिलंय की ज्या इंधनाचा उत्कलनबिंदू शून्य अंश सेल्सियसच्या वर आहे, त्यांनाच ते लागू. पेट्रोल आणि डिझेल त्यात बसतात. उणे ४२ ला उकळणारं प्रोपेन बसत नाही. सीएनजीसाठी ३०३ आणि ३०४ अशी स्वतंत्र मानकं आहेत. प्रोपेनसाठी तसं संघराज्याचं मानक नाही. प्रोपेन बस चालते ती राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेच्या ५८ क्रमांकाच्या संहितेवर, टाकीच्या दाबाच्या नियमांवर आणि राज्यांच्या आपापल्या अटींवर. निर्माते धडक-चाचण्या आपणहून करतात, आणि त्या चांगल्याही असतात. पण या बसनी हजारो शाळांतली मुलं जात-येत असताना, वीस हजारांहून अधिक प्रोपेन शाळा-बस रस्त्यावर असताना, त्यांच्यासाठी लेखी मानक असलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ते नाही तोवर रिकॉलवर जास्त भार पडतो. म्हणून मी रिकॉलच्या पत्राला कागद समजून फाइलला लावत नाही.

मानकाने काय फरक पडतो हे केंटकीतल्या कॅरल्टनच्या अपघाताने शिकवलं. १४ मे १९८८ च्या रात्री, दारू प्यालेल्या एका पिकअपचालकाने चुकीच्या दिशेने येऊन चर्चच्या सहलीच्या बसला धडक दिली. ती पूर्वीची शाळा-बस होती, पेट्रोलवर चालणारी, आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये नवी मानकं लागू झाली त्याच्या काही दिवसच आधी बनलेली. टाकीभोवती संरक्षक पिंजरा नव्हता. टाकी फुटली, पुढचं दार आगीने अडलं, सगळे मागच्या एकाच दाराकडे धावले. २७ जण गेले, त्यात २४ मुलं. धडकेने कुणी गेलं नव्हतं. धुराने आणि आगीने गेले. आणि आग म्हणजे गॅसच, असंही नाही. १२ डिसेंबर २०१७ ला आयोवातल्या ओकलंडमध्ये एका डिझेल शाळा-बसने मागे वळताना खड्ड्यात चाक घातलं, धुराड्याचं तोंड बंद झालं, इंजिनच्या कप्प्यात आग लागली आणि चालक व सोळा वर्षांची एक मुलगी त्यातून बाहेर पडू शकले नाहीत. सासूबाईंना हे सांगा असं म्हणत नाही, पण तुमच्या मनात ‘प्रोपेन काढून डिझेल आणलं की मिटलं’ असं असेल तर ते तसं नाही.

माहिती स्वतः तपासायची असेल तर एक सापळा सांगून ठेवतो. नित्साच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरांचा क्रमांक टाकला की बाकी रिकॉल दिसतात. तुमच्या स्वतःच्या मोटारीसाठी ते उत्तम. पण ती सोय देणं ज्यांना बंधनकारक आहे ते म्हणजे वर्षाला २५,००० किंवा जास्त हलकी वाहनं बनवणारे निर्माते. शाळा-बसचे निर्माते त्यात येतीलच असं नाही. म्हणून बसचा क्रमांक टाकल्यावर ‘शून्य रिकॉल’ दिसलं तर हायसं वाटून घेऊ नका. त्याऐवजी निर्माता, मॉडेल आणि वर्ष टाकून शोधा, आणि नेमक्या बससाठी निर्मात्याच्या किंवा डीलरच्या नोंदीवर भरवसा ठेवा. शोधताना हेही लक्षात घ्या की एका बसमध्ये दोन-तीन कंपन्या असतात. रचना समजावी म्हणून सांगतो: ब्लू बर्डची बस जॉर्जियात फोर्ट व्हॅलीला बनते, तिच्या प्रोपेन मॉडेलमध्ये फोर्डचं इंजिन आणि मिशिगनच्या राउश क्लीनटेकची प्रोपेन यंत्रणा असते. दोष ज्याच्या भागात, त्याच्या नावाने रिकॉल निघू शकतो. रिकॉलच्या क्रमांकात पहिले दोन आकडे वर्षाचे. नंतर ‘व्ही’ असेल तर वाहनाचा, ‘ई’ असेल तर सुट्या उपकरणाचा. निर्मात्याचा स्वतःचा क्रमांक वेगळा असतो, आणि शाळा तुम्हाला बहुधा तोच सांगेल. दोन्ही विचारून घ्या.

मुलीला मात्र यातलं काही सांगायची गरज नाही. तिला दोनच गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे वास. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम इथिल मर्कॅप्टन घालतात, तेच जे साताऱ्याच्या स्वयंपाकघरातल्या गॅसमध्ये असतं. हवेत प्रोपेन साधारण २ ते साडेनऊ टक्के असेल तरच पेट घेतं, आणि नियम असा आहे की त्या खालच्या मर्यादेच्या एक पंचमांश इतकं असतानाच वास ओळखता आला पाहिजे. म्हणजे नाक धोक्याच्या बरंच आधी सांगतं. कुजक्या कोबीसारखा वास बसमध्ये आला तर ‘ड्रायव्हरकाकूंना लगेच सांगायचं’, एवढंच तिला शिकवा; ड्रायव्हरला पुढचं शिकवलेलं असतं. बाहेर, भरणाकेंद्राजवळ, क्षणभर वास येणं वेगळं. बसच्या आत किंवा दाराशी रोज येणारा वास कधीच ‘असा येतोच’ नसतो, मग कुणी काहीही सांगो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतं, ते खाली साचतं. आम्ही वर्कशॉपमध्ये याच कारणाने प्रोपेनची बस पिटवर, म्हणजे खालून काम करायच्या खड्ड्यावर, घेताना टाकीचा व्हॉल्व्ह आधी बंद करतो आणि डिटेक्टर जमिनीपासून वीतभर उंचीवर धरतो.

दुसरी गोष्ट दारं. बसच्या मागचं आपत्कालीन दार कसं उघडतं आणि छपरातल्या झडपा कुठे आहेत, हे तिने सरावात पाहिलं आहे का, तिला विचारा. नसेल तर शाळेला विचारा की या सत्रात बस रिकामी करण्याचा सराव झाला का. हे इंधन कोणतंही असलं तरी विचारायचंच.

यजमानांच्या गाडीबद्दल. नित्साचंच सांगणं आहे की मोटारीपेक्षा शाळा-बसने मूल शाळेत सुखरूप पोचण्याची शक्यता सुमारे ७० पट जास्त. रिकॉल असलेल्या बसला हा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण सकाळच्या घाईत सोडायला जाणं म्हणजे धोका शून्य, असंही समजू नका. बसबद्दल शाळेकडून ‘रोज तपासतो’ हे उत्तर मिळालं नाही, किंवा उत्तरच मिळालं नाही, तर काम होईपर्यंत गाडीने सोडा. मग तुमचा निर्णय माझ्या मते बरोबर.

भारतात असं काही असतं का, हेही सासूबाईंनी विचारलंय. आता असतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने ११०अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार निर्मात्याला दोष असलेल्या गाड्या परत बोलवायला लावू शकतं.  पण शाळेच्या व्हॅनमध्ये कुणी परवानगीशिवाय बाहेरून गॅस किट बसवलं असेल, किंवा घरगुती सिलिंडर जोडला असेल, तर तिला कुणीही परत बोलवणार नाही. तशा व्हॅनबद्दल सासूबाई जे म्हणतात ते शब्दशः खरं आहे; नातवंडांपैकी कुणी तशा व्हॅनने जात असेल तर आजच थांबवा.

तर उद्या सकाळी दहाच्या सुमाराला फोन करा. पहाटेच्या फेऱ्या झालेल्या असतात, दुपारच्या सुरू व्हायच्या असतात, त्या वेळी परिवहन विभागातला माणूस नीट बोलतो. बसच्या बाजूला रंगवलेला नंबर जवळ ठेवा. ती बस यादीत आहे का, काम कधी झालं किंवा कोणत्या तारखेला लागलं आहे, तोवर रोज खालून कोण बघतं आणि कुठे सही करतं, बदली बस कोणती, हे विचारा आणि तारखा लिहून घ्या. आवाज चढवू नका. पलीकडचा माणूस बहुतेक माझ्यासारखाच सामानाची वाट बघत असतो, आणि पालक विचारतायत हे वर सांगता आलं की त्याचंही काम लवकर होतं. पत्रातला रिकॉल क्रमांक मिळाला तर मला कळवा. निर्मात्याचा अहवाल आणि डीलरला दिलेल्या सूचना काढून वाचतो आणि त्या बसखाली नेमकी कोणती जागा बघायला हवी ते तुम्हाला मराठीत लिहून देतो, म्हणजे तुम्ही ते शाळेला दाखवू शकाल.